घासणाऱ्या ब्रेकचे कोडे

सायकलचे चाक ब्रेकच्या रबराला घासू लागले की बहुतेक जण एकच उपाय करतात. ब्रेकची तार थोडी सैल करतात. आवाज थांबतो, पायांना हलके वाटते आणि सायकल दुरुस्त झाली अशी समजूत होते. खरे तर दुरुस्त काहीच झालेले नसते. वाकडे चाक वाकडेच राहते. फक्त ब्रेक त्याच्यापासून दूर गेलेला असतो. रस्त्यात अचानक एखादी शेळी किंवा लहान मूल आडवे आले की हे अंतर महागात पडते.

किती महागात, ते हिशेब करूनच पाहू. ताशी २० कि.मी. वेग म्हणजे सेकंदाला सुमारे ५.६ मीटर. धोका दिसल्यापासून बोटे ब्रेकवर आवळली जाईपर्यंत एक सेकंद गेला असे धरा. तेवढ्यात सायकल ५.६ मीटर पुढे जाते. त्यानंतर ब्रेक चांगला असेल आणि वेग दर सेकंदाला ४ मीटर प्रतिसेकंद इतका कमी होत असेल, तर थांबण्यास लागणारे अंतर म्हणजे वेगाचा वर्ग भागिले मंदनाची दुप्पट. (५.६ × ५.६) ÷ (२ × ४) = ३.९ मीटर. ब्रेक सैल असल्यामुळे मंदन निम्मेच मिळाले, तर हेच अंतर ७.८ मीटर होते. दोन्ही उत्तरांतील फरक जवळजवळ ४ मीटर आहे. दोन सायकली एकीपुढे एक उभ्या केल्या तरी त्यांची लांबी यापेक्षा कमीच भरेल.

म्हणून ब्रेक घासतो हे कळताच तो सैल करू नका. आधी तो का घासतो ते शोधा. त्यासाठी फार हत्यारे लागत नाहीत. लागते ती तपासणीची एक रीत, आणि ती रीत तुमच्या प्रयोगशाळेत वापरली जाते तीच आहे.

ब्रेक कोणत्या जातीचा?

आपल्याकडील काळ्या, जड सायकलींना लोखंडी सळयांचे ब्रेक असतात. त्यांची रबरे रिमच्या आतल्या बाजूने येऊन रिमवर दाबली जातात. अशा सायकलीचे चाक थोडे डावी-उजवीकडे डुलले तरी ब्रेकला त्याचा फारसा त्रास होत नाही.

पातळ टायरची, वळणदार हँडलची जी सायकल आपण रेसिंगची सायकल म्हणून ओळखतो, तिचे तसे नाही. तिच्या कॅलिपर ब्रेकचे दोन बाहू रिमला दोन्ही बाजूंनी पकडतात. मोकळ्या स्थितीत प्रत्येक रबर आणि रिम यांत अवघे १ ते २ मि.मी. अंतर असते. चाक एवढे जरी एका बाजूला गेले तरी ते रबराला लागते.

हे अंतर इतके कमी का ठेवतात? ब्रेकची तरफ बोटांचा जोर कित्येक पटींनी वाढवते. पण तरफेचा नियम तुम्हाला ठाऊक आहे. जोर जितक्या पट वाढवावा, तितक्या पट अंतर अधिक चालावे लागते. रबर १ मि.मी. सरकण्यासाठी बोटांना कितीतरी मि.मी. प्रवास करावा लागतो. अंतर वाढवले की तरफेचा सारा प्रवास ती पोकळी भरून काढण्यातच संपतो आणि तरफ हँडलला टेकते. मग बोटांनी कितीही जोर लावा, तो हँडलवरच वाया जातो.

या लेखात आपण कॅलिपर ब्रेकच्या रेसिंग सायकलीचे पुढचे चाक तपासणार आहोत. डावी आणि उजवी बाजू म्हणजे नेहमी सायकलवर बसलेल्या माणसाची डावी-उजवी बाजू समजायची. सायकल उलटी उभी केली म्हणून ही नावे बदलायची नाहीत.

दोष कशाबरोबर फिरतो?

पुढचे चाक जमिनीवरून उचला, हलकेच फिरवा आणि कान द्या. टायरकडे पाहू नका, रिमकडे पाहा. कधी कधी रिम सरळ असते आणि टायरच नीट बसलेला नसतो. अशा वेळी हवा सोडून टायर पुन्हा बसवला की काम होते.

आता आवाज दोन प्रकारचा असू शकतो.

पहिला प्रकार : आवाज सतत येतो, चाकाच्या कोणत्याही स्थितीत रबर लागलेलेच असते. येथे दोष चाकाबरोबर फिरत नाही. मग चाक खाचेत तिरके बसले असेल, ब्रेक एका बाजूला सरकला असेल, चिमटा वाकडा असेल, किंवा संपूर्ण रिमच हबच्या मध्यापासून एका बाजूला ओढली गेली असेल.

दुसरा प्रकार : एका फेऱ्यात एकदाच ‘खर्र’ असा आवाज येतो. येथे दोष चाकाबरोबर फिरतो. रिमचा एखादाच भाग बाहेर आला आहे. दुकानात याला ‘चाक आउट झाले’ म्हणतात.

एक पानाही न उचलता आपण निम्मे कोडे सोडवले. पण पुढे जाण्यापूर्वी आणखी एक गोष्ट पाहा. रिम वरच्या बाजूला धरून डावी-उजवीकडे हलवा. हबपाशी लचक जाणवली किंवा ‘टक्-टक्’ आवाज आला, तर आतील छर्ऱ्यांवरचे कोन सैल आहेत. ते आवळल्याशिवाय पुढचे कोणतेही माप विश्वासाचे नाही. डुगडुगणाऱ्या टेबलावर तराजू ठेवून वजन करण्यासारखे ते होईल.

चाक उलटून पाहा

सतत घासणाऱ्या चाकाचा दोष नेमका कोठे आहे हे ठरवण्यासाठी एक सुंदर युक्ती आहे. प्रथम सायकल दोन्ही चाकांवर सरळ उभी करा. पुढच्या चाकाच्या नटा किंवा क्विक रिलीजची कळ सैल करा आणि हँडलवर थोडा भार द्या. त्यामुळे आस दोन्ही खाचांत पूर्ण वर जाऊन बसते. मग पुन्हा आवळा. पुष्कळ सायकलींचे दुखणे एवढ्यानेच जाते. पंक्चर काढल्यावर घाईने बसवलेले चाक तिरके राहिलेले असते, इतकेच.

तरीही घासत असेल, तर रिमपासून चिमट्याच्या डाव्या आणि उजव्या पायापर्यंतची अंतरे पट्टीने मोजा. रिमवर खडूने चार खुणा करा आणि चारही ठिकाणच्या मापांची सरासरी घ्या. समजा, डावीकडे १५ मि.मी. आणि उजवीकडे २१ मि.मी. अंतर भरले. म्हणजे रिम मध्यापासून ३ मि.मी. डावीकडे आहे.

आता चाक काढा, त्याची डावी बाजू उजवीकडे येईल असे फिरवून बसवा आणि पुन्हा मोजा. तीन शक्यता आहेत.

१. रिम आता ३ मि.मी. उजवीकडे गेली. दोष चाकाबरोबर फिरला, म्हणून तो चाकाचा.

२. रिम पुन्हा ३ मि.मी. डावीकडेच राहिली. दोष जागच्या जागी राहिला, म्हणून तो चिमट्याचा किंवा त्याच्या खाचांचा.

३. रिम डावीकडेच आहे, पण आता १ मि.मी. आहे. येथे दोघेही दोषी आहेत!

तिसऱ्या शक्यतेत कोणाचा दोष किती? चिमट्याचा दोष ‘च’ आणि चाकाचा दोष ‘क’ माना. पहिल्या वेळी दोन्ही एकाच दिशेने होते, म्हणून च + क = ३. चाक उलटल्यावर क ची दिशा बदलली, म्हणून च − क = १. बेरीज करा : च = २. वजाबाकी करा : क = १. आठवी-नववीचे बीजगणित सायकलच्या दुकानातही उपयोगी पडते ते असे.

ही युक्ती सायकलपुरती नाही. तराजूच्या दांडीचे दोन्ही बाहू सारखे नसतील अशी शंका आली, की पदार्थ एकदा डाव्या आणि एकदा उजव्या पारड्यात ठेवून तोलतात. गवंडी आपली पाणसळ खरी आहे की नाही हे ती उलटी-सुलटी ठेवूनच पडताळतो. जमीन मोजणारे लोक थिओडोलाइटची दुर्बीण उलटवून तोच कोन पुन्हा मोजतात. जी चूक उपकरणाबरोबर फिरते ती उपकरणाची. जी फिरत नाही ती बाहेरची.

पडताळा झाल्यावर चाक मूळ बाजूनेच बसवा. मात्र ही युक्ती फक्त पुढच्या चाकाला, आणि तेही डिस्क ब्रेक नसेल तरच, लागू पडते. मागच्या चाकाला उजवीकडे दात्यांची चक्रे असतात, म्हणून ते उलटे बसवता येत नाही.

तारांवर उभे राहिलेले चाक

दोष चाकातच आहे असे ठरले, तर स्पोकला हात लावण्यापूर्वी ते काय काम करतात हे समजून घ्या.

बैलगाडीच्या चाकाचे आरे जाड लाकडाचे असतात. गाडीचा भार तुंब्यावर येतो आणि तुंबा खालच्या आऱ्यावर टेकतो. तो आरा दाब सोसतो. आता सायकलचा एखादा जुना स्पोक घ्या, जमिनीवर उभा धरा आणि वरून दाबा. अवघी २ मि.मी. जाडीची ती तार लगेच वाकते. असल्या तारांवर तुमचे वजन उभे राहते तरी कसे?

याचे कारण, सायकलचा स्पोक आधीच ताणलेला असतो. चांगल्या चाकात एका स्पोकमधील ताण सुमारे १०० किलोग्रॅम वजनाइतका असू शकतो. तुम्ही सायकलवर बसता तेव्हा रिम जमिनीपाशी किंचित चपटी होते आणि तेथील स्पोकचा ताण कमी होतो. स्पोक दाबला जात नाही. फक्त त्याचे ओढणे कमी होते. खालून ओढणारे सैलावले की वर उचलणाऱ्यांचे पारडे जड होते. भार पेलला जातो तो असा. जॉब्स्ट ब्रँट या अभियंत्याने १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या सायकलच्या चाकावरील पुस्तकात हे गणिताने आणि मापनाने दाखवून दिले आहे.

ताणलेल्या तारांच्या चाकाची कल्पना मात्र त्याहून पुष्कळ जुनी. इंग्लंडमध्ये जॉर्ज केली याने १८०८ साली ती मांडली. पॅरिसच्या युजीन मेयर याने १८६९ साली तारांच्या चाकाचे पेटंट घेतले. १८७४ साली जेम्स स्टार्ली याने स्पोक हबपासून सरळ न नेता तिरके, स्पर्शरेषेत नेण्याची पद्धत आणली. आज रस्त्यावरच्या बहुतेक सायकलींत तीच दिसते.

आता चाक समोरून पाहा. अर्धे स्पोक हबच्या डाव्या कडेला आणि अर्धे उजव्या कडेला अडकवलेले आहेत. डावे स्पोक रिमला डावीकडे ओढतात, उजवे उजवीकडे. ही रस्सीखेच बरोबरीत सुटलेली असते, म्हणून रिम मध्ये उभी राहते. एखादा उजवा स्पोक तुटला की तेवढ्या जागी रिम डावीकडे जाते. म्हणून चाक आउट झाले की प्रथम सारे स्पोक हाताने तपासा. तुटलेला स्पोक असेल, तर इतरांना पिळून चाक सरळ करू नका. नवा स्पोक घाला.

आउट काढणे

या कामाला निपलचा पाना आणि भरपूर धीर लागतो. सायकल हँडल आणि सीटवर उलटी उभी करा. चाक अगदी सावकाश फिरवा. रिम जेथे रबराला लागेल तेथे, लागलेल्या बाजूला, खडूची खूण करा. चाक फिरत असताना स्पोकमध्ये बोटे कधीही घालू नका.

समजा, रिम एका जागी डाव्या रबराला लागते. तिला उजवीकडे ओढायचे आहे. म्हणून त्या जागेजवळचे उजवे स्पोक थोडे आवळा आणि डावे तेवढेच सैल करा. दोन्ही का? फक्त आवळतच गेलो, तर त्या जागी एकूण ताण वाढतो आणि रिम हबकडे खेचली जाते. मग डावी-उजवी लचक जाऊन चाकाला वर-खाली लचक येते.

एका वेळी निपलचा फक्त पाव फेरा द्या. नेहमीच्या २ मि.मी. स्पोकवर एका इंचात ५६ आटे असतात. म्हणजे पूर्ण फेऱ्यात निपल २५.४ ÷ ५६ = ०.४५ मि.मी. सरकते आणि पाव फेऱ्यात साधारण ०.११ मि.मी. इतक्या थोडक्यानेही रिम हललेली दिसेल. पाव फेरा द्या, चाक फिरवा, पाहा. मग पुढचा पाव फेरा. एकदम दोन-तीन फेरे देणारा माणूस एक लचक काढून दोन नव्या निर्माण करतो.

आणखी एक घोटाळा येथे हमखास होतो. टायरच्या बाजूने निपलकडे पाहिले, तर ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर आवळते. पण सायकल उलटी असताना ब्रेक खाली येतो आणि आपण निपलकडे हबच्या बाजूने पाहतो. तेव्हा तीच दिशा काट्यांच्या उलट दिसते! पातळ कागदावर गोल बाण काढा आणि कागद उजेडासमोर धरून मागून पाहा, म्हणजे हे पटेल.

रिमची लचक अर्ध्या मि.मी.च्या आत आली की थांबा. पूर्ण शून्यावर आणण्याच्या हट्टाने स्पोकचे ताण भलतेच कमी-अधिक होतात. मागील उलथापालथीत चाकाचा दोष १ मि.मी. आढळला होता. तसला दोष काढायचा असेल, तर रिम ज्या बाजूला गेली आहे तिच्या समोरच्या बाजूचे सर्व स्पोक सारखेच, पाव-पाव फेऱ्याने आवळतात.

सर्वांत शेवटी ब्रेक

चाक सरळ झाले, चिमट्यात मध्यभागी बसले, आता ब्रेककडे वळा. हा क्रम उलटा केला तर वाकड्या चाकाला जुळवलेला ब्रेक चाक सरळ होताच पुन्हा चुकतो.

तरफ दाबून सोडा आणि दोन्ही बाहूंकडे पाहा. एक बाहू परत येत नसेल, तर खिळीजवळची धूळ पुसून तेलाचा एक थेंब सोडा. रिमवर आणि रबरावर मात्र तेल पडू देऊ नका. दोन्ही बाहू मंदपणे परत येत असतील, तर पावसाळ्यात गंजलेली तार नळीत अडकत असेल. ती बदलणेच बरे. बाहू मोकळे असूनही ब्रेक एका बाजूला असेल, तर मागचा नट थोडा सैल करून, मध्यावर आणून, पुन्हा घट्ट करा. काही ब्रेकवर यासाठी बाजूला लहान स्क्रूच दिलेला असतो.

रबर पूर्णपणे रिमवरच टेकले पाहिजे. ते वर जाऊन टायरला लागले तर टायरची बाजू झिजून तो फुटू शकतो. खाली उतरले तर ते निसटून स्पोकमध्ये जाण्याचा धोका असतो. ब्रेक दाबताना किंचाळत असेल, तर रबर रिमला चिकटते, सुटते, पुन्हा चिकटते आणि सारा ब्रेक थरथरतो असे समजा. व्हायोलिनच्या तारेवर गज असाच नाद काढतो. रबराचे पुढचे टोक अर्धा-एक मि.मी. आधी टेकेल असे ते किंचित तिरके बसवले की बहुधा किंचाळणे थांबते. अखेरीस तारेवरील आटेदार नळी फिरवून दोन्ही बाजूंचे अंतर १ ते २ मि.मी. करा.

कोठे थांबावे?

काही दोष घरी काढायचे नसतात. रिमला चीर गेली असेल किंवा ठोकर बसून कोपरा आला असेल, रबर घासून घासून रिमची बाजू खोलगट झाली असेल, चिमटा वाकला असेल, तर सायकल जाणत्या कारागिराकडे न्या. खोलगट रिम हवेच्या दाबाने फाटू शकते. वाकलेला चिमटा घरी ठोकून सरळ करणे म्हणजे अपघाताला आमंत्रण.

दुरुस्तीनंतर लगेच सायकलवर बसू नका. चाकाच्या नटा किंवा क्विक रिलीज घट्ट आहेत ना, ते पाहा. क्विक रिलीजची कळ स्क्रूसारखी नुसती फिरवून भागत नाही. ती मिटवावी लागते, आणि मिटवताना तळहातावर तिचा ठसा उमटेल इतका जोर लागला पाहिजे. मग पायी चालत पुढचा ब्रेक दाबा आणि सायकल पुढे ढकला. चाक न फिरता मागचा भाग उचलला गेला, तर ब्रेक धरतो आहे. तरफ तरीही हँडलला टेकत असेल, तर काम अजून संपलेले नाही.

करून पाहा

१. एकाच बाजूचे सर्व स्पोक बोटाने एकामागून एक छेडा. ज्याचा स्वर खर्जातला, तो सैल. तारेची लांबी आणि जाडी सारखी असेल, तर कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. एखाद्या स्पोकचा स्वर इतरांपेक्षा बरोबर एक सप्तक खाली असेल, तर त्याचा ताण इतरांच्या किती पट असेल?

२. सायकल भिंतीला टेकवा. जमिनीजवळचा एक आणि वरचा एक असे पुढच्या चाकाचे दोन स्पोक छेडा. आता मित्राला सीटवर बसवून हँडलवर भार द्यायला सांगा आणि तेच दोन स्पोक पुन्हा छेडा. कोणाचा स्वर उतरला? बैलगाडीच्या चाकाशी तुलना करून कारण लिहा.

३. रेसिंग सायकलीच्या चाकाचा परीघ सुमारे २.१ मीटर असतो. १००० कि.मी. अंतरात एका स्पोकचा ताण किती वेळा कमी होऊन पुन्हा वाढेल? स्पोक एखाद्या ठोकरीशिवायही का तुटतात, याचे उत्तर या आकड्यात दडले आहे.

४. वर्गातील दहा सायकली तपासा. घासणारा ब्रेक आढळला, तर दोष चाकाचा, चिमट्याचा, ब्रेकचा की केवळ तिरक्या बसवणीचा, ते लिहून ठेवा. पाना हातात घेण्यापूर्वी निदान लिहायचे, आणि मगच दुरुस्ती करून ते पडताळायचे, एवढी एकच अट.